घाटंजीच्या डॉक्टरीणबाई

“खाली आग होते जी,” असं एखादी बाई म्हणाली की डॉक्टरीणबाई हातातलं पेन टेबलावर ठेवायच्या आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायच्या, “खाली म्हंजे कुठं? तळपायाले?”

बाई पदर तोंडाशी न्यायची. “नाही वो. खाली... तिथं.”

“तिथं म्हंजे कुठं माय? यवतमाळले?”

शेजारची सिस्टर तोंड फिरवून हसायची. समोरची बाईही घाबरलेली असली तरी हसायची. मग डॉक्टरीणबाई पुढे झुकून हळू आवाजात म्हणायच्या, “नाकाले नाक म्हंतो, कानाले कान म्हंतो. मंग यानंच काय पाप केलं? योनी म्हणाव. एकदा म्हणून पाह्य, जीभ नाही झडत.” त्या बाईनं तो शब्द पुटपुटल्याशिवाय पेन उचलला जायचा नाही. घाटंजीच्या आसपासच्या कितीतरी बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला असेल तो त्या खोलीत.

मीही त्यांतलीच. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. समास, अलंकार, म्हणी सगळं मुलांकडून घोकून घेते. पण त्या दिवशी त्यांच्यासमोर बसले तेव्हा माझ्याही तोंडून ‘तिथं’च्या पुढे काही निघेना. त्यांनी विचारलं, “काय करता?” मी म्हटलं, “मराठीची शिक्षिका आहे.” त्या म्हणाल्या, “बरं झालं. मंग तं शब्द पाठ असन.”

त्यांचं नाव कुमुद खोब्रागडे. नेरच्या. वडील जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी बांधायचे. पोरगी डॉक्टर झाली, मोठ्या शहरात नोकरी केली, आणि ती सोडून घाटंजीत बसस्टँडच्या मागे दोन खोल्यांचा दवाखाना टाकला. लग्न केलं नव्हतं. बुटक्या, अंगानं भरलेल्या, चालताना एका बाजूला किंचित झुकणाऱ्या. बोलणं मात्र सरळ. रुग्णाशी वऱ्हाडी बोलायच्या आणि दुसऱ्या डॉक्टरशी फोनवर इतकं कोरडं, नेमकं इंग्रजी, की आम्ही ऐकतच राहायचो.

मी त्यांच्याकडे गेले ते दोन बाळंतपणं अर्ध्यावर हरवून. दोन्ही वेळा सगळं ठीक चाललेलं, पोटात हालचाल सुरू झालेली, आणि मग एकाएकी कळा. दुसऱ्या वेळी तर डोहाळजेवणाची तारीख ठरली होती. पाहुणे काय काय बोलायचे ते मी सांगत नाही, कुठल्याही घरात तेच बोलतात. माझे यजमान संजय, त्यांचं बाजारात कृषी केंद्र आहे, ते बोलायचे काहीच नाहीत. त्यांचा तो अबोलाच मला जास्त लागायचा.

मला वर्षानुवर्षं पांढरं जाण्याचा त्रास होता. वास यायचा, खाज सुटायची. सासूबाईंनी लग्नानंतर लगेच सांगून ठेवलं होतं, “गरम पाण्यात झाकणभर जंतूची दवाई टाकून आतून धूत जाय. बाईचं अंग घाणच असते.” मी रोज धुवायची. वास आला की जास्त धुवायची.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काचेच्या पट्टीवर स्राव घेतला आणि आतल्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ पाहत राहिल्या. मग आपल्या स्टुलावरून उठल्या आणि मला म्हणाल्या, “बसा. तुमचं हाय, तुम्ही पाहा.”

आजवर कुठल्याही डॉक्टरनं मला माझं काही दाखवलं नव्हतं. रिपोर्ट घडी करून हातात द्यायचे, एवढंच. मी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला, मग हळूहळू मोठमोठ्या फिकट पेशी, त्यांच्या कडांवर रांगोळीच्या बारीक ठिपक्यांची गर्दी, आणि मधेमधे गोल, दाणेदार काहीतरी.

“ते ठिपके दिसून राह्यले ना, ते जंतू. तिथं काड्या दिसायले पाह्यजे होत्या, लांब लांब. त्या नाहीत.”

“काड्या म्हणजे?”

“तेबी जंतूच. पण घरचे.” त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. “दूध दही कशानं होते? विरजणानं. त्या विरजणाच्याच जातीतले जंतू आपल्या योनीत राह्यतात. आंबटपणा करून ठेवतात. त्या आंबटपणात बाहेरचा भुरटा टिकत नाही. तुम्ही रोज दवाईनं धू धू धुतलं, तं चोर नाही मेले, घरचेच मेले.”

मी म्हटलं, “आणि ते गोल गोल?”

“पांढऱ्या पेशी. अंगाचे जागल्ये.”

आमच्याकडे पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात रानडुकरं शिरू नयेत म्हणून रात्री मचाणावर माणूस बसवतात, त्याला जागल्या म्हणतात. मी शेतकऱ्याच्या घरातली, मला वेगळं सांगायला नको होतं. पण त्या पुढे जे बोलल्या ते मी कधी ऐकलं नव्हतं.

“जागल्या चांगलाच माणूस असते. पण डुक्कर आलं की तो काठी घेऊन त्याच्या मांगं पयते. डुक्कर एकीकडून पराटी मोडते, जागल्या दुसरीकडून तुडवते. एक दिवस झालं तं चालते. रोजच डुक्कर, रोजच पळापळ, मंग वावर राह्यते का? त्याले आम्ही दाह म्हंतो. सूज. हा दाह वर पिशवीच्या तोंडापर्यंत गेला तं कळा येळेच्या आंधी सुरू होऊ शकतात.”

“म्हणजे माझी दोन्ही मुलं यामुळेच...”

त्यांनी हात वर केला. “तसं मी म्हटलं नाही. होऊ शकते म्हटलं. तुमचं याच्यानंच झालं का, मले ठाऊक नाही. कोणालेच ठाऊक नाही. जेवढं दिसलं तेवढं मी सांगून राह्यली.”

‘मले ठाऊक नाही.’ हे वाक्य त्या इतक्या सहज म्हणायच्या की सुरुवातीला लोकांना ते खटकायचं. डॉक्टरला ठाऊक नाही म्हणजे काय? कित्येक जण दुसरीकडे निघून गेले. मला मात्र त्या दिवशी त्या वाक्यानं फार हलकं केलं. तोवर प्रत्येकाला माझ्याबद्दल सगळं ठाऊक होतं. कुणाला माझी कुंडली ठाऊक होती, कुणाला माझे पाय. सगळं ठाऊक नाही असं म्हणणारं हे पहिलंच माणूस भेटलं.

औषध दिलं. धुणं बंद करायला सांगितलं, आणि दारापर्यंत येऊन वर बजावलं, “अन् विरजण म्हटलं म्हणून घरी जाऊन दही लावू नका बरं. एकीनं लावलं होतं. मंग माह्याकडेच आली, चिडून.”

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. या वेळी मी सुरुवातीपासून त्यांच्याकडे जात होते. दर खेपेला तपासणी, पिशवीच्या तोंडाची सोनोग्राफी, गरज पडली तेव्हा पुन्हा औषध. माझ्यासोबत सासूबाई यायच्या. त्यांना मला एकटं सोडवत नव्हतं आणि डॉक्टरीणबाईंवर विश्वासही नव्हता. दवाखान्यात त्या बाकाच्या टोकावर, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायच्या. तिथलं पाणी प्यायच्या नाहीत. घरून बाटली आणायच्या. का, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टरीणबाईंनाही. सिस्टर मात्र दर वेळी ग्लास पुढे करायची आणि दर वेळी परत न्यायची. डॉक्टरीणबाईंनीच तसं सांगून ठेवलं होतं.

एकदा आम्ही आत होतो. डॉक्टरीणबाई मला समजावून सांगत होत्या की त्रास पुन्हा डोकं वर काढतोय, पण घाबरायचं कारण नाही. सासूबाई ऐकत होत्या. अचानक त्या म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, एक इचारू का?”

“इचारा ना.”

“मलेबी असंच पांढरं जाये. अंगात कणकण, कंबर दुखे. निंदाले वाकलं की जीव जाये. मोठ्या गावच्या डॉक्टरनं सांगतलं, पिशवी सडली, काढून टाका, नाहीतं कॅन्सर होईन. काढली. संजय तवा शाळेतबी जात नव्हता.” त्यांनी पदर सारखा केला. “हे जे तुम्ही सुनेले सांगून राह्यल्या, जंतू अन् जागल्ये... मलेबी तेच होतं का? म्हंजे माही पिशवी उगीच काढली का?”

मला वाटलं, डॉक्टरीणबाई काहीतरी बोलून वेळ मारून नेतील. ‘तेव्हाचं तेव्हा’, ‘डॉक्टरांनी काही पाहूनच काढली असेल’, असं. मनात मी तेच मागत होते. म्हाताऱ्या माणसाला आता कशाला?

त्या उठून सासूबाईंच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या.

“मी तवा तिथं नव्हती. तुमचं काय होतं, मले ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “पण मी मोठ्या शहरात नोकरीले होती ना, तवा अशा पिशव्या काढतांना मीबी हाताखाली उभी राह्यली. एकापाठोपाठ एक. काढलेली पिशवी तपासाले जाये. त्याचा रिपोर्ट येये. कोणी तो उघडून पाह्यत नसे. मी पाह्यची. बहुतेक वेळा त्यात येकच लिहून असे. साधी सूज. औषधानं बसली असती अशी. म्हणून मी थे नोकरी सोडली.”

सासूबाई त्यांच्याकडे पाहतच होत्या.

“आज तुम्ही माह्याकडे आल्या असत्या, तं मी आंधी तपासलं असतं, औषध देलं असतं. पिशवी काई देव नोहे. काढाची पाळी आली तं काढाचीच, मीबी काढते. पण पाळी आली का, एवढं तरी पाहाव ना.”

“माह्यासंगं निंदाले येणाऱ्या साऱ्याइच्याच काढल्या,” सासूबाई म्हणाल्या. “कोणाच्या तिशीत, कोणाच्या त्याच्याबी आंधी. मले वाटे, बाईचं असंच असते.”

मग त्या रडल्या. मी त्यांना सासरेबुवा गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते. सिस्टरनं पडद्यातून डोकावून पाहिलं आणि नेहमीसारखा पाण्याचा ग्लास आणला. सासूबाईंनी तो घेतला आणि रिकामा केला.

घरी येताना रस्त्यात मला त्यांचा जरा रागच आला होता, डॉक्टरीणबाईंचा. खरं सांगून काय मिळवलं? गेलेली पिशवी काही परत यायची नाही. पण दोन-तीन आठवड्यांनी बाजारच्या दिवशी मी भाजी घ्यायला गेले, तर वांग्यांच्या ढिगासमोर सासूबाई एका मजूर बाईला धरून उभ्या. “कोणी काईबी सांगो,” त्या बाईचा दंड हलवत त्या म्हणत होत्या, “आंधी बसस्टँडमांगच्या डॉक्टरीणबाईले दाखव. मंग पिशवीचं पाह्य.” त्यानंतर बाजारच्या दिवशी दवाखान्यात गर्दी वाढली. डॉक्टरीणबाई एकदा मला म्हणाल्या, “तुमच्या सासूनं माही जेवाची सुटी खाल्ली.” तक्रारीचा सूर होता, पण डोळे हसत होते.

माझी ओवी आठव्या महिन्यातच झाली. एवढीशी, लाल, रडायचंही बळ नसलेली. यवतमाळला काचेच्या पेटीत ठेवावी लागली. ती जगेल असं कुणी खात्रीनं सांगत नव्हतं. डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून बसनं भेटायला यायच्या, काचेतून पाहायच्या आणि म्हणायच्या, “लढून राह्यली.” ओवी घरी आली तेव्हा आम्ही पेढे घेऊन गेलो. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी वरच्या वर धरलं.

“मले श्रेय देऊ नका. औषधानं झालं, का तुमच्या आंगानंच सांभाळलं, मले ठाऊक नाही.” मग पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, “पण लय गोड वाटून राह्यलं, हे खरं.”

असं असलं तरी माझा त्रास पुरता कधी गेला नाही. औषध घेतलं की बरं वाटायचं, काही महिन्यांनी पुन्हा तेच. एकदा मी विचारलं होतं, “यांनाही औषध द्यायचं का?” त्या म्हणाल्या होत्या, “नवऱ्याले देऊन या आजारात फायदा होत नाही. पुस्तकात तसंच हाय.” विषय तिथंच संपला.

नंतर त्यांचे गुडघे पार गेले. दवाखान्याच्या पायऱ्या चढवेनात. एका तरुण डॉक्टर मुलीच्या हाती दवाखाना सोपवून त्या नेरला भावाकडे राहायला गेल्या. अधूनमधून फोन व्हायचा, ओवीची चौकशी करायच्या.

आणि मागच्या वर्षी एका भर दुपारी संजयचा मला शाळेत फोन आला. आवाज विचित्र. “दुकानात ये. डॉक्टरीणबाई आल्या आहेत.”

मी धावत गेले. कृषी केंद्रात, सोयाबीनच्या बियाण्याच्या पोत्यांजवळ त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. नेरहून यवतमाळ, यवतमाळहून घाटंजी, दोन बस बदलून आल्या होत्या. गिऱ्हाइकांना त्यांनी सरळ बाहेर थांबायला सांगितलं होतं आणि ते बिचारे उन्हात उभे होते. संजय गल्ल्यामागे कानापर्यंत लाल.

“या,” मला पाहून त्या म्हणाल्या. “मी चुकीचं सांगतलं होतं तुमाले.”

मला काही समजेना.

“नवऱ्याले औषध देऊन फायदा नाही, म्हटलं होतं ना मी? आता नवं वाचलं. ते जंतू पुरुषाच्या अंगावरबी राह्यतात. त्याले काई होत नाही, पण बायकोले पुन्हा पुन्हा होते. दोघायनं संगंच औषध घेतलं तं फरक पडते असं दिसून राह्यलं. गोळ्या अन् मलम.”

संजय कसेबसे म्हणाले, “पण बाई, मी तसं काही... म्हणजे मी कुठं गेलो नाही हो कधी.”

“मी कुठं म्हटलं गेले म्हणून? हा त्या जातीचा आजार नोहे. कोणाकडून कोणाले आलं, हे मी इचारत नाही अन् तुम्हीबी घरात इचारू नका. तिनं इतके वर्ष एकटीनं औषध घेतलं. तुम्ही येक हप्ता घ्या.”

“हे फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं,” मी म्हटलं. “या गुडघ्यांनी एवढ्या लांब...”

“फोनवर तुमाले सांगतलं असतं. तुम्ही याइले सांगतलं असतं. अन् यायनं ऐकलं नसतं.” त्यांनी संजयकडे पाहिलं. “खरं का नाही?”

संजय हसले. खरं होतं.

चहा घेऊन त्या निघाल्या. गावात आणखी दोन-तीन घरी जायचं होतं म्हणाल्या. त्या कोणाच्या घरी गेल्या ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मी रिक्षा बोलावून दिली. रिक्षात बसताना गुडघा दुखून त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला होता. मी म्हटलं, “तेव्हा पुस्तकात तसंच होतं. तुमची काय चूक?”

“पुस्तकाची असन,” त्या म्हणाल्या. “पण तुमाले पुस्तकानं नव्हतं सांगतलं. मी सांगतलं होतं.”

आम्ही दोघांनी औषध घेतलं. मला खरंच बरं आहे. त्यांना फोन करून कळवलं तर पलीकडून उत्तर आलं, “आणखी सहा-आठ महिने जाऊ द्या. आत्ताच उड्या मारू नका.”

तेवढे महिने त्यांना मिळाले नाहीत. कापसाचा वेचा ऐन भरात होता तेव्हा त्यांच्या भावाचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. संजय गाडी काढायला गेले आणि मी साडी बदलत होते, तोच सासूबाई तयार होऊन दारात उभ्या. वेचणाऱ्या बाया वावरात, घरात कापूस पडलेला, आणि हल्ली त्यांना गाडी लागते म्हणून त्या कुठे जात नाहीत. मी म्हटलं, “तुम्ही राहा, आम्ही जाऊन येतो.” त्या जाऊन मागच्या सीटवर बसल्या.

नेरला त्यांच्या भावाच्या घरासमोर मांडव घातला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदना सुरू झालेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बायकाच बायका. घाटंजीच्या, पांढरकवड्याच्या, कुठल्या कुठल्या तांड्यांवरच्या. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. कोण कशासाठी त्यांच्याकडे गेली होती हे कुणी बोलत नव्हतं. सासूबाई माझा हात सोडून पुढे गेल्या आणि पायांपाशी डोकं टेकवून कितीतरी वेळ उठल्याच नाहीत.

डॉक्टरीणबाईंच्या भावानं त्यांना हळूच धरून उठवलं आणि विचारलं, “माय, तुम्ही ताईच्या पेशंट का?”

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

“नाही बाप्पा,” त्या म्हणाल्या. “माह्या येळेले ह्या नव्हत्या. मले ह्या लय उशिरा भेटल्या.”

भावानं त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं आणि घरच्या बायकांमध्ये नेऊन बसवलं.